शेवटच्या खोलीत सदतीस

विषय : श्रीमती हौसाबाई पाटोळे, वय अडुसष्ट, यांच्या डाव्या गालातील गाठ सोन्याचे सूक्ष्म कण व लेसर यांच्या साहाय्याने तापवून नष्ट करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : डॉ. हेरंब टिळेकर यांचा रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीकडील अर्ज. सोबत संगणकाने काढलेली रंगीत चित्रे.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, सदर अर्जावर कऱ्हाड मुक्कामी चर्चा झाली, तेव्हा अर्जदाराचे दोन्ही पाय गरम पाण्यात होते.

“आणि शेवटच्या खोलीत कोण राहतं?” बाईंनी विचारलं.

“कुणी नाही राहत, बाई. तिथं सदतीस आहे.”

“हा कोण?”

“तापमान. सदतीस अंश. शरीराचं असतं ते.”

“बरं,” असं म्हणून बाई गॅसवरचं पातेलं बघायला आत गेल्या.

हेरंब अस्वस्थ झाला. बाईंचं ‘बरं’ त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं. प्राध्यापक कालिंदी सरदेशमुख यांनी उभ्या हयातीत कुठल्याच विद्यार्थ्याचं उत्तर चूक म्हटलं नव्हतं. त्या ‘बरं’ म्हणायच्या आणि आणखी एक प्रश्न विचारायच्या. त्यापेक्षा छडी परवडली असती, असं मुलं म्हणत.

उष्णता हा त्यांचा विषय. ती कुठून निघते, कुठे जाते, वाटेत कुणाला भेटते, हे त्यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. निवृत्त होऊन त्या कऱ्हाडला माहेरच्या गावी येऊन राहिल्या, तरी रुग्णालयाच्या समितीने त्यांना बाहेरच्या सदस्य म्हणून धरून ठेवलं होतं.

सदस्य अर्जदाराचा नातेवाईक नसावा, असा समितीचा नियम आहे. गुरू नातेवाईक होतो की नाही, याबद्दल नियम गप्प आहेत. आणि नियम जिथे गप्प असतात तिथे कामं लवकर होतात, असा हेरंबचा आजवरचा अनुभव होता.

म्हणून तो पहाटेच्या गाडीने पुण्याहून निघाला होता. सोमवारी समितीची बैठक. बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या. बाईंची एक सही, एक कप चहा, आणि दुपारच्या गाडीने परत, असा त्याचा बेत होता.

पण गाडीतल्या गार हवेने त्याचं नाक बंद केलं होतं. दारात पाऊल टाकतानाच तो एकापाठोपाठ एक शिंकला.

“अर्ज राहू दे बाजूला,” बाई म्हणाल्या. “आधी पँट वर कर.”

“अहो बाई, साधी सर्दी आहे…”

“वर कर म्हटलं ना.”

त्यांनी माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला लावलं, त्यात कढत पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि परदेशात पाच ठिकाणी व्याख्यानं देऊन आलेल्या माणसाला त्यात पाय घालून लाकडी खुर्चीवर बसवलं. मांडीवर लॅपटॉप. गळ्याला बाईंचा मफलर. अशा अवस्थेत विज्ञान सांगणं अवघड असतं. तरी हेरंबने ते सांगितलं, कारण विज्ञान सांगायची त्याला फार हौस होती.

बाई बाहेर आल्या. हातात पातेलं. त्यांनी आणखी पाणी ओतलं.

“भाजलं, बाई!”

“बोलतोयस म्हणजे भाजलेलं नाही. हं. पुन्हा सांग. सावकाश. मी तुझ्या समितीतली म्हातारी आहे असं समज.”

“आहातच की तुम्ही.”

“म्हणून तर म्हटलं.”

हेरंबने घसा साफ केला.

“गाठीत सोन्याचे कण सोडायचे. अगदी बारीक, डोळ्यांना दिसायचे नाहीत. मग बाहेरून लेसर. हा प्रकाश मांसातून बराचसा तसाच आत जातो, पण सोनं त्याला धरून ठेवतं आणि तापतं. सोनं तापलं की गाठ तापते. पन्नासच्या वर काही मिनिटं ठेवली की गाठ मेली. आजूबाजूचं निरोगी मांस तसंच्या तसं.”

“छान.”

“आता किती जोराचा लेसर आणि किती वेळ, हे सांगतं माझं मॉडेल. गालाचे मी संगणकात लाखो तुकडे केलेत.”

“म्हातारीच्या?”

“गालाच्या चित्राचे, बाई. प्रत्येक तुकडा म्हणजे चाळीतली एक खोली समजा. एका खोलीत उष्णता आली की ती शेजारच्या खोलीला कळते. ती पुढच्या खोलीला सांगते. संगणक प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहून हिशेब ठेवतो, कोणी किती घेतली, कोणी किती पुढं दिली.”

“आणि शेवटच्या खोलीत कोण राहतं?”

हा प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. हेरंबने तो पुन्हा तसाच झेलला.

“शेवटच्या खोलीत सदतीस, बाई. कायम. तिथं चाळ संपते.”

“आणि बातमी तिथवर पोचली तर?”

“पोचली तरी काही होत नाही. ती खोली बातमी घेतच नाही.”

“फार शिष्ट दिसते.”

“तसं ठरवावंच लागतं. कुठंतरी थांबायला हवं ना. सगळं शरीर संगणकात घालायचं तर वर्ष जाईल.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

हेरंबने घाईघाईने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर गालाचा उभा छेद होता. मध्यभागी लालबुंद. त्याभोवती केशरी, मग पिवळा, मग हिरवा. आणि कडेने सगळीकडून सुंदर निळा. ज्या ज्या सभागृहात हे चित्र दाखवलं, त्या त्या सभागृहात लोकांनी निळ्या रंगाला टाळ्या वाजवल्या होत्या.

“हा निळा म्हणजे सुरक्षित. बघा, जबड्याच्या हाडाजवळ निळा. कानाकडं निळा. हे आमचं मुख्य अनुमान आहे. निरोगी भागाला धक्का नाही.”

“ताडून पाहिलंस?”

“तर! जेलीत. मांसासारखी जेली करतात, तिच्यात सोन्याचे कण घालून लेसर मारला. आतमध्ये तापमापक खुपसले. मॉडेलने सांगितलं ते आणि तापमापकाने सांगितलं ते, एकावर एक. केसाचा फरक नाही.”

हे सांगताना त्याचा आवाज थोडा चढला. खरं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. जेली खरंच तशी तापली होती. त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले होते.

“आणि हौसाबाईंना पाहिलंस का?”

“स्कॅन पाहिलाय. फार छान आलाय.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या…

“म्हणजे स्पष्ट आलाय,” हेरंब म्हणाला. “गाठ स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेला सर्जननी नकार दिलाय, त्यांचं हृदय तेवढं सोसायचं नाही. किरण देऊन झाले. आता हाच एक मार्ग आहे, बाई. त्यांचा मुलगा रोज फोन करतो. परवानगी आली का, परवानगी आली का. तुम्ही सही केलीत तर सोमवारी मंजूर होईल.”

“आणि नाही केली तर?”

“तर पुढची बैठक दोन महिन्यांनी.”

“दोन महिने गाठ थांबेल?”

“नाही.”

“बरं.”

या खेपेला हेरंब रागावला. सर्दीने, उशिराने आणि त्या ‘बरं’ने.

“बाई, तुम्हाला शंका असेल तर सरळ सांगा. संगणक खोटं बोलत नाही.”

“मी कुठं म्हटलं बोलतो म्हणून?”

त्यांनी पातेल्यातलं उरलेलं पाणी घंगाळात सोडलं. वाफ वर आली. बाहेर कुणाच्या तरी दारात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता.

हेरंबने मफलर सैल केला. मग काढला. मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, मानेवरून फिरवला, पुन्हा कपाळ पुसलं.

“काय झालं?”

“घाम आलाय.”

“कुठं?”

“कपाळाला. सगळीकडंच.”

“पाणी कुठं आहे?”

“पायाशी…”

बाईंनी एकदा घंगाळाकडे पाहिलं, एकदा त्याच्या कपाळाकडे.

हेरंब हुशार होता. इतका की, प्रश्न पुरा विचारला जाण्याआधी उत्तर देण्याची त्याला सवय होती. त्याने लगेच ओळखलं की हा सापळा आहे, आणि लगेच त्यातून बाहेरही पडला.

“आलं लक्षात, बाई. पाय तापले, रक्त तापलं, ते वर गेलं, म्हणून कपाळाला घाम. म्हणजे माझी शेवटची खोली शेवटची नाही. पण त्याने माझंच म्हणणं सिद्ध होतं! तुमच्याकडं थर्मामीटर आहे?”

“आहे.”

“आणा बघू.”

बाईंनी कपाटातून जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला, झटकला आणि त्याच्या जिभेखाली दिला. तो तोंडात असेपर्यंत घरात शांतता होती. हेरंबसाठी असा प्रसंग फार वर्षांनी आला होता.

त्याने थर्मामीटर काढून उजेडात धरला.

“अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ! म्हणजे सदतीस आणि वर केसभर. बघा! कढत पाण्यात एवढा वेळ पाय घालून बसलो, तरी शरीर सदतीसच. मी कडेला काय लिहिलंय? सदतीस! काय चुकलं?”

“काहीच नाही.”

“मग?”

“कोणी ठेवलं?”

“काय?”

“सदतीस. कोणी ठेवलं?”

हेरंबने तोंड उघडलं. ‘शरीराने’ हा शब्द जिभेवर आलाही होता. पण नेमक्या त्याच वेळी कपाळावरून एक थेंब ओघळला, नाकाच्या शेंड्यावर थांबला आणि लॅपटॉपवर, निळ्या रंगावर पडला.

त्याने तो पुसला नाही.

…

प्रयोगशाळेत जेलीचा तो ठोकळा काचेच्या टाकीत ठेवलेला असे. टाकीत पाणी. पाणी गार झालं की खाली बसवलेला हीटर आपोआप सुरू व्हायचा. गरम झालं की बंद. एक लहानसा पंप पाणी ढवळत राहायचा आणि दिवसभर घुर्र घुर्र करायचा. त्या आवाजाला सगळे वैतागले होते. एकाने त्यावर टॉवेल टाकून पाहिला होता.

टाकीतलं पाणी सदतीस अंशावर ठेवलेलं होतं. म्हणून जेलीच्या कडेला सदतीस होतं. म्हणून हेरंबने संगणकात कडेला सदतीस लिहिलं. ते बरोबर होतं.

मग जेलीच्या जागी हौसाबाईंचा गाल ठेवला. आकार बदलला, रक्ताचे आकडे पुस्तकातून घेऊन घातले, हाड घातलं, कातडी घातली. महिनाभर खपून सगळं बदललं.

टाकी तशीच राहिली.

“बाई,” हेरंब हळू म्हणाला, “निळा मीच लिहिलाय.”

बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कडेला सदतीस मीच सांगितलं त्याला. आणि मग त्याने मला सांगितलं की कड सदतीस राहते. आणि मी ते सगळ्यांना सांगत फिरलो… निष्कर्ष म्हणून.”

“टाळ्या पडल्या?”

“पडल्या.”

“मग वाया नाही गेलं.”

हेरंब हसला नाही. तो आता लॅपटॉपवर वाकला होता. पाय घंगाळात आहेत हे तो विसरला, पाणी निवत चाललं हेही विसरला. त्याने मॉडेलमधली टाकी, म्हणजे कडेचं ते ठरलेलं सदतीस, काढून टाकली. गालाच्या पुढे जबडा जोडला, मान जोडली. कानाकडची बाजू मोकळी सोडली. तापलेलं रक्त पुढे जाऊन कुठेतरी पोचेल अशी सोय केली. मध्येच तो स्वतःशी पुटपुटायचा, “पण शीर तापली की फुगणार ना… मग जास्त वाहणार… मग इथं गार… आणि तिकडं?” बाई शेंगा सोलत होत्या. एकदा त्यांनी न विचारता चार दाणे त्याच्या हातावर ठेवले. ते त्याने न बघता खाल्ले.

अर्जदाराने एवढ्या वेळात सर्दीबद्दल एकदाही तक्रार केली नाही.

अखेर त्याने पडदा वळवला.

“हे बघा.”

निळा मागे हटला होता. कानाकडे तो शिल्लक होता, पण जबड्याच्या बाजूला केशरी रंग पसरत पसरत हाडाला टेकला होता.

“म्हणजे हाड भाजणार?” बाईंनी विचारलं.

“माहीत नाही.”

हे शब्द बाईंनी त्याच्या तोंडून पूर्वी ऐकले नसावेत. शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली.

“खरंच माहीत नाही, बाई. हेही घाईत केलंय. रक्त किती वाढेल ते अंदाजाने घातलंय. कदाचित याच्यापेक्षा कमी तापेल. कदाचित गाठच पुरेशी तापणार नाही, सगळी उष्णता रक्तच घेऊन जाईल. तरुण माणसाचं शरीर एक करेल, त्यांचं वेगळंच काहीतरी करेल. गंमत बघा ना, शरीर स्वतः काय करतं हे मी कुठं विचारलंच नव्हतं. मी गाठीलाच विचारत होतो सगळं.”

“गंमत?”

“म्हणजे… विलक्षण आहे हे.” त्याचे डोळे चमकत होते. मग त्याला हौसाबाई आठवल्या असाव्यात. डोळे तसेच राहिले, पण चेहरा उतरला.

बाईंनी हात झटकले. पदराला पुसले. चष्मा लावला.

“आण तो अर्ज.”

“अं?”

“सही करते. दुपारची गाडी आहे ना तुझी?”

त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं. अर्ज ओढला. शेवटचं पान काढलं, जिथे इतरांच्या सह्या होत्या. खालची ओळ रिकामी होती. पेनचं टोक कागदाला टेकलं. ‘का’ची उभी रेघ उमटलीसुद्धा.

हेरंब घंगाळातून उठला. फरशीवर पाणी सांडलं. त्याने ओल्या पावलांनी जाऊन आपला हात त्या ओळीवर ठेवला.

बाईंचं पेन त्याच्या बोटांशी येऊन थांबलं.

“हात काढ.”

“नको, बाई.”

“चित्रं छान आहेत. ताडून पाहिलंयस. बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात, मोठी माणसं आहेत. मी एकटीनेच का अडवू?”

“बाई, नको ना…”

“संगणक खोटं बोलत नाही म्हणालास.”

हेरंबचा हात तिथेच होता. शाई त्याच्या करंगळीला लागली होती.

…

“म्हणजे मॉडेल चूक होतं,” तो शेवटी म्हणाला.

“छे छे. त्याला नावं ठेवू नकोस. तू सांगितलंस तेवढंच ऐकलं, एक शब्द उलट बोललं नाही, वर रंगीत चित्रं काढून दिली. मला असा शिष्य जन्मात मिळाला नाही.”

हेरंबने अर्ज घेतला. तो बॅगेत ठेवला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला. पाय गार पडले होते. नाक मोकळं झालं होतं, याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

“सोमवारी मीच सांगतो समितीला, हे पुढं ढकला म्हणून. पण बाई… त्यांचा मुलगा आज फोन करेल. रोज सहाच्या सुमाराला करतो. मी त्याला काय सांगू? सदतीस चुकलं? टाकी राहिली? त्याला काय कळणार! त्याला एवढंच कळेल की साहेबांनी काम अडवलं. आणि त्याचं तरी काय चुकतं? गाठ वाढतेच आहे. मी थांबलो म्हणून ती थांबणार नाही.”

“नाही थांबणार.”

“आणि घाई केली तर जबडा जाईल. कदाचित.”

“कदाचित.”

“मग सांगा ना काहीतरी!”

बाईंनी पेनला टोपण लावलं. शेंगांची टरफलं गोळा करून सुपात भरली.

“त्याला नको काही सांगूस,” त्या म्हणाल्या. “म्हातारीपाशी जाऊन बस, आणि तिला विचार, ताप आला की घाम येतो का.”

सदर अर्ज अर्जदाराच्याच विनंतीवरून बैठकीपुढे ठेवण्यात आला नाही. तो अद्याप प्रलंबित आहे.